अक्कांच्या पारड्यात आमचं जेवण

तुम्ही दोघांनी त्या फोटोबद्दल विचारलंत, म्हणून हे लिहायला बसले आहे. फोनवरच सांगणार होते. पण मी सांगायला लागले की आजोबा शेजारून हसू लागतात, मग मलाही हसू येतं, आणि तोवर तुमची शाळेची वेळ होते. गोष्ट तराजूपर्यंत पोचतच नाही.

फोटोत आहेत त्या आजोबांच्या थोरल्या बहीण, तुमची आत्याआजी. आजोबा त्यांना अक्का म्हणतात, त्यांचं ऐकून मीही अक्काच म्हणत आले. अक्का एका भल्यामोठ्या तराजूच्या पारड्यात बसल्या आहेत, गळ्यात हार आहे, आणि मांडीवर चौकटीची एक कापडी पिशवी दोन्ही हातांनी धरली आहे. धाकटीने विचारलं, पिशवीत सोनं आहे का. थोरल्याला वाटलं, तो पूजेचाच भाग असणार. दोन्ही नाही. पिशवीत मुगाची धिरडी होती.

आता सुरुवातीपासून सांगते.

तुम्हाला माहीतच आहे की गहू मला चालत नाही. त्यातलं ग्लूटेन माझ्या आतड्यांना सोसत नाही, हे कळायला मला साठी गाठावी लागली. त्याआधी मी तीस-पस्तीस वर्षं पोट धरून बसत होते आणि घरातले सगळे म्हणत होते, "हिला प्रवास मानवत नाही." आता पोळीचा तुकडा जरी चुकून पोटात गेला तरी तीन दिवस मी कामातून जाते. एवढंच असतं तर आपल्या चौलात काही अडत नव्हतं. तांदळाची भाकरी, घावन, आंबोळी, कोकणातल्या माणसाला गहू हवाच कशाला? पण मी गव्हातून सुटले आणि आजोबा साखरेत सापडले. त्यांना भात बंद, भाकरी बंद, बटाटा बंद, आंबा तर नुसता बघायचा. म्हणजे मला जे चालतं ते त्यांना चालत नाही, आणि त्यांना चालणाऱ्या पदार्थात कुठेतरी गहू लपलेला असतो. बाजारच्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे तुम्हाला माहीत होतं? मलाही नव्हतं. आमच्या घरची फोडणी आता बिनहिंगाची असते.

आजोबांचं प्रकरण नुसतं गोळ्यांवर भागण्यासारखं नव्हतं. नारळ-सुपारीच्या वाडीत अनवाणी फिरताना त्यांच्या डाव्या पायाच्या बोटाला शिंपलीचा तुकडा लागला. एवढीशी जखम. ती भरेना. महिने गेले, रंग बदलला, आणि डॉक्टरीणबाई एक दिवस पेन खाली ठेवून म्हणाल्या, "काका, साखर अशीच राहिली तर बोट काढावं लागेल." त्या दिवसापासून आजोबांनी मुकाट्याने खाणं बदललं. जखम भरत आली. आणि तेवढ्यात अक्कांच्या नातीचं लग्न आलं.

अक्कांची एक रीत आहे. माझे सासू-सासरे लवकर गेले, तेव्हा आजोबा लहान होते आणि अक्कांनीच त्यांना वाढवलं. तेव्हापासून घरात कुठलंही कार्य असो, पहिला घास अक्का आपल्या हाताने भावाला भरवतात आणि मगच स्वतः जेवतात. भाऊ सत्तरीच्या पुढे गेला तरी यात बदल नाही. त्या लग्नात आजोबा मला म्हणाले, "एकच घास घेतो." अक्कांच्या हातचा एक घास म्हणजे अर्धी पुरणपोळी, तुपासकट. पाठोपाठ "आता वहिनीच्या नावाचा", मग "मामाच्या नावाचा". घरी परतलो तेव्हा साखर कुठल्या कुठे गेली होती आणि आठवड्यात जखम पुन्हा उघडली. पुन्हा पहिल्यापासून सगळं.

पुढे जखम परत भरत आली आणि अक्कांचा फोन आला. त्यांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं होतं. माणसाने आयुष्यात हजार पौर्णिमा पाहिल्या की हा सोहळा करतात. अक्का काशीदच्या पुढे नांदगावला राहतात, मोठी वाडी आहे, तिथेच दोन दिवस सगळ्यांनी जमायचं. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "जा की. पण घरचंच खायचं. एक घाससुद्धा दुसरा नाही."

मी फोनवर अक्कांना अंदाज घ्यावा म्हणून म्हटलं, "अक्का, आम्ही आमच्यापुरतं काहीतरी थोडं बरोबर आणलं तर चालेल ना?"



"डबा आणणार? माझ्या घरी?"

"म्हणजे पथ्य आहे ना..."

"पथ्य सगळ्यांनाच असतं. आमच्या सासऱ्यांच्या भाऊबंदांनी वाटणीवरून भांडण काढलं ना, तेव्हा ते लग्नाला यायचे, पानावर बसायचे आणि स्वतःच्या तांब्यातलं पाणी प्यायचे. गावभर झालं होतं. तुम्ही डबा घेऊन येणार असाल तर माझी पायरी चढू नका. फोटो पाठवते, तिथूनच नमस्कार करा."

त्यांचा दोष नव्हता. बोटाचं आजोबांनी त्यांना सांगितलंच नव्हतं. "तिच्या सोहळ्याच्या तोंडावर तिला कशाला घोर?" असं म्हणून त्यांनी मलाही गप्प बसवलं होतं. अक्कांच्या दृष्टीने आम्ही चोचले करणारी माणसं होतो. घास घेतला तर बोट जायचं, नाही घेतला तर अक्का दुरावणार. यातून वाट काढायची होती.

मग आम्ही चोरून डबा न्यायचं ठरवलं. या वयात, या प्रकृतीला, इतका आनंद देणारं दुसरं काही काम असेल असं मला वाटत नाही.

अक्कांची सून आमच्या बाजूची होती. तिच्याशी मी हळू आवाजात फोनवर बोलत असे, खरं म्हणजे माझ्याच स्वयंपाकघरात हळू बोलायची काही गरज नव्हती. ठरलं असं: आम्ही पोचलो की ती मागीलदारी येईल, पिशवी घेईल, आणि डबे फ्रीजच्या तळच्या कप्प्यात गजऱ्यांच्या मागे लपवेल. "मामी, गजऱ्यांना आई हात लावत नाहीत, कोमेजतात म्हणून," ती म्हणाली. मला तिचं डोकं फार आवडलं.

राहिला घास. आजोबांनी त्याचा उपाय काढला. घास तोंडात घ्यायचा, गालात धरायचा, आणि तोंड पुसायच्या निमित्ताने रुमालात काढायचा. आम्ही त्याची घरी तालीम केली. मी अक्का झाले, स्टुलावर उभी राहिले, आणि धिरड्याचा तुकडा भरवला. त्यांनी गाल फुगवला, रुमाल काढला, तोंड पुसलं. रुमाल रिकामा.

"गिळलंत?"

"चांगलं झालं होतं गं."

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. शेवटी मी म्हटलं, "अहो, तुम्ही तालीम करत नाही आहात, नाश्ता करता आहात." तो बेत तिथेच सोडला आणि ऐनवेळी बघू असं ठरवलं. मला "ऐनवेळी बघू" हे शब्द अजिबात सहन होत नाहीत, पण इलाज नव्हता.

डबे भरणं हा मात्र माझा प्रांत. जायचं सव्वा-दीड तासावर, पण मी भरलं एखाद्या आगबोटीवर महिनाभर राहायचं असावं तसं. मुगाची डाळ भिजवून वाटली, त्यात आपल्या अलिबागचा पांढरा कांदा आणि कोथिंबीर, त्याची पातळ धिरडी. दुधीचा कीस आणि बेसन यांची वाफवलेली मुटकी. हळद-मिरी लावून परतलेलं पनीर. फ्लॉवर किसून तुपाजिऱ्यावर परतला की दिसायला थेट भातासारखा होतो. आजोबा त्याला "फसवा भात" म्हणतात, पण ताटात दिसला नाही तर विचारतात. सुक्या खोबऱ्याची चटणी, जवसाची चटणी. आणि उकडलेली अंडी, ती मात्र प्रवासापुरतीच, कारण सोहळ्याच्या घरात अंडं न्यायचं म्हणजे डब्याच्या गुन्ह्यावर दुसरा गुन्हा.

आता लेबलांचा प्रश्न आला. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून कुठल्या वेळचा ते लिहिल्याशिवाय मला झाकण लावताच येत नाही. लहानपणी वसतिगृहात आमच्या सिस्टर पेन्सिलीवरही नाव लिहायला लावत. आजोबा म्हणाले, "चोरीचा माल आणि त्यावर पत्ता?" मग मी मधला मार्ग काढला. लेबलं झाकणाच्या आतल्या बाजूने लावली.

सगळ्यात वर एक छोटा गोल डबा ठेवला. त्यात भाजलेले शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि बदाम. त्याच्या झाकणात लिहिलं, "अडचण आली तर."

आणि हे सगळं लपवायचं कशात? इथे मला जी युक्ती सुचली तिचा मला फार अभिमान वाटला, आणि त्यामुळेच पुढचं सगळं झालं. सहस्रचंद्रदर्शनाला तुला करतात. म्हणजे एका पारड्यात सोहळ्याचं माणूस बसतं, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचं धान्य, गूळ, नारळ ठेवतात, आणि ते सगळं दान करतात. येणारा प्रत्येक नातेवाईक तुलेसाठी काही ना काही आणतो. आम्हीही तांदूळ आणि नारळ घेतले होते, चौकटीच्या दोन नव्या पिशव्यांत. मी तिसरी तशीच पिशवी शिवली, डबे त्यात भरले, तोंड सुतळीने बांधलं, आणि वरून एक नारळ दिसेल असा खोचला. तीन पिशव्या शेजारी ठेवल्या तर मलाच ओळखू येईनात. मी तर खूश झाले.

रिक्षावाला आपल्या पाखाडीतलाच, दोन घरं पलीकडचा. सामान बघून म्हणाला, "आज्जी, कुठं निघालात, काशीदला का काशीला?"

"बहिणीच्या घरी," आजोबा म्हणाले.

"मंग बहीण जेवायला देत न्हाय का?"

आम्ही दोघेही रेवदंड्याचा पूल ओलांडेपर्यंत हसत होतो. हसायचं काय आहे ते त्याला सांगता येत नव्हतं, म्हणून आणखी हसू येत होतं. काशीदला सुरूच्या झाडांखाली रिक्षा थांबवली आणि अंडी संपवली, कारण ती संपवणं भागच होतं. मीठ-मिरीची पुडी वाऱ्याने उडाली ती थेट आजोबांच्या चष्म्यावर. रिक्षावाल्याने तीन अंडी खाल्ली. आम्ही समुद्रावर हात धुतले, एकमेकांच्या तोंडाचा वास घेऊन खात्री केली, आणि वर बडीशेप चावली. मला शाळेच्या भिंतीवरून उडी मारून आवळे आणायला गेल्यासारखं वाटत होतं.

नांदगावला पोचलो तर अंगणात मांडव, आणि मांडवाच्या मधोमध अक्कांच्या सासऱ्यांचा सुपारी तोलायचा जुना तराजू टांगलेला. लाकडी दांडी, लोखंडी साखळ्या, आणि जेवणाच्या परातीहून कितीतरी मोठी दोन पारडी. एका पारड्यात पाट ठेवून त्यावर गादी घातली होती. अक्का पिवळ्या साडीत दारातच उभ्या. आजोबांच्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "वाळलास." मग माझ्याकडे बघून, "डबा?"

"कसला डबा, अक्का?" मी म्हटलं. माझ्या आवाजाला किती कमी सराव आहे ते तेव्हा कळलं.

त्यांनी आम्हाला आत नेलं, पाणी दिलं, पाया पडणाऱ्यांच्या गर्दीत बसवलं. मी मागीलदारी जायची संधी बघत होते. सून स्वयंपाकघरातून मला डोळ्यांनी खुणा करत होती. आणि तेवढ्यात तिचा नवरा, म्हणजे अक्कांचा मुलगा, आमचा भाचा, आनंदाने सांगत आला, "मामी, रिक्षातलं सगळं उतरवून घेतलं. तुम्ही उठू नका."

"सगळं?"

"सगळं. तुलेच्या सामानात ठेवलं."

मी आजोबांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गुरुजींनी तेवढ्यात हाक दिली, "चला, यजमानीणबाईंना बसवा."

अक्का पारड्यात बसल्या. अगदी ताठ, जशा काही रोजच बसतात. समोरच्या पारड्यात तांदळाच्या पिशव्या चढू लागल्या, गुळाच्या ढेपा, नारळ. अक्कांचं पारडं हळूहळू जमिनीवरून सुटलं, पाय लोंबू लागले, बायका हसल्या. पण दांडी काही सरळ होईना. थोडं कमी पडत होतं.

"काय राहिलं?" गुरुजींनी विचारलं.

भाचा टेबलाखाली वाकला. "अरे, मामा-मामींची एक पिशवी राहिलीच की."

मी अर्धी उठले. काय म्हणणार होते? पिशवी पारड्यात ठेवली आणि दांडी सरळ झाली. नुसती सरळ नाही, आखून काढल्यासारखी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी म्हणालं, "चौलकरांच्या पिशवीने मान राखला." गुरुजींनी पळीत पाणी घेतलं आणि संकल्प सांगायला सुरुवात केली. ते पाणी सोडलं की पारड्यातलं सगळं दान झालं. आमचं दोन दिवसांचं जेवण गावच्या आश्रमशाळेकडे निघालं होतं, आणि आता आजोबांपुढे अक्कांच्या घरचं पान तेवढं उरत होतं.

मी घाबरले होते हे खरं. पण शेजारी बघितलं तर आजोबांचे खांदे हलत होते. त्यांनी उपरण्यात तोंड घातलं होतं. मी त्यांना कोपर मारलं. त्याने ते आणखी हलू लागले. मग मलाही आवरेना.

अक्कांचं लक्ष गेलंच. "काय रे? मी इथे टांगलेली आणि तुला हसू येतंय?"

आजोबांना अक्कांपुढे खोटं बोलता येत नाही. लहानपणापासून येत नाही. त्यांनी उपरणं खाली घेतलं आणि म्हणाले, "अक्का, तुझ्या पारड्यात माझं जेवण आहे."

गुरुजींची पळी तशीच राहिली.

"कुठलं जेवण?"

"ती चौकटीची पिशवी. वर नारळ आहे तो खोटा. म्हणजे नारळ खरा आहे, पण खाली डबे आहेत."

"उघड," अक्का भाच्याला म्हणाल्या.

भाच्याने सुतळी सोडली आणि पिशवीतल्या डब्यांची झाकणं एकेक करून काढली. अक्कांनी पारड्यातूनच हात पुढे केला. पहिलं झाकण घेतलं, उलटं करून वाचलं. "शनिवार, दुपार." दुसरं. "शनिवार, रात्र." तिसरं. "रविवार, सकाळ, आधी हा, मग चटणी." मग छोट्या गोल डब्याचं. "अडचण आली तर." त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं. "ही कुठली अडचण? मी?"

गुरुजींनी घसा साफ केला. "बाई, शिजवलेलं अन्न तुलेत चालत नाही. धान्य चालतं. हे काढावं लागेल."

भाच्याने पिशवी काढली. दांडी कलली आणि अक्का हळूच खाली आल्या, पारडं जमिनीला टेकलं. त्या तशाच बसून राहिल्या, चेहरा लाल. मला त्या भाऊबंदांचा तांब्या आठवला. आता त्या म्हणणार, चालते व्हा. इतक्या वर्षांचं नातं आपण एका पिशवीत घालवलं असं मला वाटलं.

"मी काय विष घालणार होते तुला?" अक्का आजोबांना म्हणाल्या. आवाज रागाचा नव्हता, तेच वाईट होतं.

आजोबा उठले, त्यांच्यासमोर जमिनीवर बसले, आणि डाव्या पायाचा मोजा काढला. म्हणाले, "डॉक्टर हे बोट काढणार होते. डब्यामुळे राहिलंय."

अक्का वाकल्या. चष्मा नाकावर खाली घेतला. बोटावरची नवी गुलाबी कातडी त्यांनी नखाने नाही, पदराच्या टोकाने हळूच चाचपली, लहान मुलाची जखम बघतात तशी.

"कधीपासून?"

"नातीच्या लग्नाच्या आधीपासून."

"आणि लग्नात मी तुला पोळ्या भरवल्या."

"मी खाल्ल्या."

"गाढवा," अक्का म्हणाल्या. "बोलायला तोंड नव्हतं? खायला होतं तेवढं." मग माझ्याकडे वळून, "आणि तू? एवढं शिकलीस, झाकणाच्या आत लिहितेस. एक वाक्य मला फोनवर सांगता आलं नाही?"

"त्यांनी बोलू दिलं नाही, अक्का."

"तू कधीपासून त्याचं ऐकायला लागलीस?"

मांडवात पहिलं हसू फुटलं ते तिथे. गुरुजी म्हणाले, "बाई, मुहूर्त." दांडी अजून कललेलीच होती, आणि आता पारड्यात घालायला काहीच शिल्लक नव्हतं.

अक्कांनी सुनेला हाक मारली. "स्वयंपाकघराच्या दाराशी गोणी आहे बघ. ती आण."

सून दचकली. "आई, ते उद्याच्या पुरणाचं सामान आहे."

मला तेव्हा कळलं. त्या दिवशीचं जेवण आचाऱ्याचं होतं, पण दुसऱ्या दिवशी अक्का स्वतः चुलीपाशी बसून भावासाठी पुरणपोळ्या करणार होत्या. हरभऱ्याची डाळ, गूळ, कणीक, सगळं निवडून-टिपून त्या गोणीत भरून ठेवलं होतं.

"माहीत आहे मला कसलं आहे," अक्का म्हणाल्या. "धान्यच आहे ना? गुरुजी, डाळ-गूळ-कणीक चालेल?"

"उत्तम चालेल."

गोणी पारड्यात पडली आणि अक्का एकदम वर गेल्या, इतक्या की त्यांनी दोन्ही साखळ्या धरल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, मला धरा कुणीतरी." गोणी जड झाली होती. भाचा नारळ काढायला वाकला.

"थांब," अक्का वरून म्हणाल्या. "दिलेलं परत काढायचं नाही. ती डब्यांची पिशवी माझ्याकडे दे."

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. पारडं खाली आलं, डुललं, पुन्हा डुललं, आणि दांडी सरळ झाली. सगळ्यांनी गुरुजींकडे बघितलं. शिजवलेलं अन्न तुलेत चालत नाही, ते मांडीवर चालतं का? गुरुजींनी डोळे मिटले, जरा विचार केला आणि म्हणाले, "मांडीवरच्याबद्दल मी कुठे काही वाचलेलं नाही." आणि पाणी सोडलं.

फोटो त्या क्षणाचा आहे. अक्का हसत आहेत ते गुरुजींना.

खाली उतरायच्या आधी त्यांनी "शनिवार, दुपार"चं झाकण उघडलं, धिरड्याचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि पुढे वाकलेल्या आजोबांच्या तोंडात घातला. मी नकळत रुमाल हातात घेतला होता. तो तसाच परत कमरेला खोचला. आजोबा चावत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते म्हणतात मिरचीचं होतं. चटणीत मिरची नव्हती.

"आता वहिनीच्या नावाचा," अक्का म्हणाल्या, आणि मग थांबून मला विचारलं, "दुसरा चालतो का गं?"

"यातला चालतो, अक्का."

त्यांनी दुसरा भरवला, आणि तिसरा मला. मग रिवाजाप्रमाणे स्वतःच्या तोंडात घातला. आम्ही सगळे वाट बघत उभे. त्यांनी सावकाश चावला, गिळला.

"हिंग घातलेला नाहीस."

"हिंगात गव्हाचं पीठ असतं, अक्का."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांच्या त्यांच्या आमट्या, त्यांच्या भाज्या, आणि नांदगावहून परतल्यावर माझं ते पोट धरून बसणं, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. मग सुनेला म्हणाल्या, "या दोघांची पानं मांड. डबे इथेच उघडून वाढायचे, सगळ्यांच्या पंक्तीत. गजऱ्यांच्या मागे काही लपवायची गरज नाही." सून पळालीच. म्हणजे तेही त्यांना माहीत होतं, कुणास ठाऊक कसं.

पंक्तीत माझ्या फसव्या भाताचं फार कौतुक झालं. आजोबांच्या वाट्याला जेमतेम दोन चमचे आले, कारण समोरच्या रांगेतल्या सगळ्यांना चव बघायची होती. रात्री अक्कांनी स्वतः मूग भिजत घातला आणि रविवारी, पुरण ज्या चुलीवर शिजणार होतं तिच्यावर, धिरडी घातली. तवा आधी चिंच लावून माझ्यासमोर घासला. त्यांची धिरडी माझ्यापेक्षा बरी झाली. हे मी आजोबांना कबूल केलेलं नाही.

निघताना त्यांनी डबे धुऊन परत दिले, एकेकात ओल्या खोबऱ्याची वाटी घालून. एक डबा मात्र कमी होता.

"गोल डबा, अक्का?"

"तो मी ठेवून घेतला," त्या म्हणाल्या. "मला काय अडचणी येत नाहीत?"

पंधरवड्याने फोन आला. मी उचलला. पाया पडते म्हणायच्या आधीच अक्का म्हणाल्या, "त्याचं बोट कसं आहे?"

"पूर्ण भरलं, अक्का. काल वाडीत चप्पल घालून फिरून आले."

"बरं झालं. आणि हे बघ, तो डबा रिकामा झालाय. या वेळी खोबरं जास्त घाल, बदाम कमी, माझे दात नाहीत. आणि लेबल बाहेरून लाव. आत लावलेलं शेंगदाण्यात पडतं."